दवा आणि दिलासा एकाच फाइलीत

(अष्टमी येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की विशी-पंचविशीतल्या मुलांसमोर कॅन्सर काय घेऊन बसलात? नोकरीवर बोला, शिष्यवृत्तीवर बोला. त्यावरही बोलायला हवंच. पण मला सांगा, घरात कॅन्सरचं निदान झालं की फाइल कोणाच्या हातात येते? अब्बा कुवेतला नाहीतर दुबईला असतात. मोठा भाऊ धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टवर असतो. अम्मीला मुंबईतल्या दवाखान्यांची वाट ठाऊक नसते. इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो, मोबाइलवर नंबर लावता येतो, रोह्याहून दिव्याची गाडी पकडून परळ गाठता येतं, असं घरातलं माणूस म्हणजे तुम्ही. फाइल तुमच्याच हातात येते. म्हणून हे बोलणं तुमच्याशीच.

मी डॉक्टर नाही. आजारी माणूस, त्याचं घर आणि दवाखाना या तिघांच्या मधे जी जागा असते, तिथे काम करणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. दवाखान्यात काय मागायचं, हे मात्र सांगणार आहे. पुष्कळदा हक्काची गोष्ट मागितली नाही, एवढ्याच कारणाने मिळत नाही.

नाव ऐकून घाबरू नका

ती गोष्ट म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. मराठीत तिला उपशामक सेवा म्हणतात. मूळ शब्द लॅटिन आहे, 'पॅलियम'. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर आपण चादर टाकतो ना, तसं. आजार शरीरात आहेच, त्यावर उपचारही चालू आहेत. पण दुखणं, उलटी, धाप, झोप न लागणं, जखमेचा वास, मनातली भीती, घरातली पैशाची ओढाताण, या सगळ्यावर काहीतरी पांघरूण हवं की नको? ते घालणारं शास्त्र म्हणजे ही सेवा.

आपल्याकडे मात्र या शब्दाला फार वाईट वलय आहे. डॉक्टरांनी 'पॅलिएटिव्हला दाखवा' म्हटलं की घरात रडारड सुरू होते. 'म्हणजे आता काही उरलं नाही', 'डॉक्टरांनी हात वर केले.' हा समज लोकांनी उगाच करून घेतलेला नाही. ही सेवा सुरू झाली तीच मुळी शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठी. सिसिली साँडर्स या डॉक्टर बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं. वेदना फक्त शरीराची नसते, तिला मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही बाजू असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत निघालं. वांद्र्याचं शांती आवेदना, १९८६ साली, कॅन्सर सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने. उपचार संपलेल्यांसाठी वेगळी वास्तू, अशी ती कल्पना होती. गरज मोठी होती आणि कामही मोठं झालं. पण त्यातून लोकांच्या मनात एक क्रम पक्का बसला, की आधी उपचार आणि उपचार हरले की उपशामक सेवा.

हा क्रम आता जगभर बदलला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालच्या आपल्या व्याख्येतच म्हटलं, की ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, केमो आणि रेडिएशनच्या बरोबरीने द्यावी. आपली कुंडलिका पार करणारी होडी आठवा. वल्हं एकाच बाजूने मारत राहिलं तर होडी गोल फिरते. उपचार हे एक वल्हं, उपशामक सेवा हे दुसरं. पहिलं मोडलं की मग दुसरं हातात घेऊ, असं कोणता नावाडी म्हणेल?

याला पुरावा काय?

तुम्ही शिकलेली मुलं आहात, पुरावा मागणारच. मागायलाच हवा.

२०१० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांना तेच उपचार आणि सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली. दुसऱ्या गटातल्या लोकांचे दिवस अधिक बरे गेले, उदासी कमी राहिली, शेवटच्या काळातले त्रासदायक उपचार कमी झाले. तरीही ते अधिक जगले. मध्यम आयुर्मान ११.६ महिने, नुसत्या उपचारांच्या गटात ८.९ महिने.

२०१७ साली न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आला. त्यात ७६६ रुग्ण होते. एका गटातल्या रुग्णांनी आपला त्रास दोन भेटींच्या मधल्या काळातही संगणकावरून कळवायचा आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. बस, एवढंच. त्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने आलं, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटाचं २६ महिने. म्हणजे 'आज कसं वाटतंय?' हा प्रश्न नीट विचारणं आणि उत्तर आल्यावर हालचाल करणं, हासुद्धा उपचारच आहे.

दुसरी बाजूही सांगते. आपल्या टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर अशीच चाचणी झाली, तेव्हा दोन गटांत मोठा फरक दिसला नाही. मग ही सेवा निरुपयोगी म्हणायची का? मला तसं वाटत नाही. पण ती जादूची कांडी नाही, हे नक्की. आजार कोणता, रुग्ण किती दुरून येतो, घरी गेल्यावर त्याला कोण बघतं, या गोष्टी मोजाव्या लागतात. एका खोलीत डॉक्टरांची भेट घडवली आणि काम संपलं, असं होत नाही. दवाखान्यातली सेवा घरापर्यंत पोचते का, हा आपला खरा प्रश्न आहे.

एका छताखाली म्हणजे काय

टाटा मेमोरियल परळला १९४१ पासून आहे. तिथे उपशामक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. २०१२ पासून या विषयात एम.डी. करता येतं. टाटाचंच दुसरं केंद्र, ॲक्ट्रेक, खारघरला आहे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. नागोठणे, पेण, पनवेल करत गेलं की खारघर.

दोन्ही सेवा एका दवाखान्यात जोडल्या जातात तेव्हा काय घडायला हवं, ते एका कल्पित उदाहरणाने सांगते. समजा, मोहल्ल्यातल्या एका खालांना तोंडाचा कॅन्सर निघाला. वर्षानुवर्षं मिश्री लावायची सवय, गालात जखम, तोंड नीट उघडत नाही.

पहिली गोष्ट, नोंद. प्रत्येक भेटीत वजन आणि बीपीसारखीच त्रासाचीही नोंद व्हायला हवी. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचा. दुखणं किती, मळमळ किती, थकवा किती, झोप, भूक, भीती किती. असे तयार तक्ते जगभर वापरात आहेत, पाच मिनिटांत भरून होतात. खाला 'ठीक आहे बेटा' म्हणतील, पण आकडा विचारला तर 'आठ' म्हणतील.

दुसरी गोष्ट, निर्णय. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि उपशामक सेवेचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. रेडिएशनमध्ये तोंड सोलवटणार, गिळता येणार नाही, हे आधीच माहीत असतं. मग नाकातून नळी कधी घालायची, घरी ती कोण सांभाळणार, नळीतून काय द्यायचं, हे पहिल्या आठवड्यातच शिकवता येतं.

तिसरी गोष्ट, लहानसहान वाटणारे पण माणसाला माणसांतून उठवणारे त्रास. उघड्या जखमेला वास येतो. मग खाला स्वतःच वेगळ्या खोलीत जाऊन बसतात, नातवाला जवळ घेत नाहीत. हा वास मेट्रोनिडॅझोलच्या पावडरीने बराच आटोक्यात येतो, आणि ते औषध महाग नाही. एका ड्रेसिंगने नातू परत मांडीवर येऊन बसतो. याला तुम्ही 'हात वर करणं' म्हणाल का?

चौथी गोष्ट, पैसा आणि निवारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पहिला टप्पा, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी नावाने, २०१२ साली सुरू झाला. त्यातल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात येतात. पण रोजचा प्रवास, राहणं, बुडालेला रोज यांचं काय? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्यासारख्या जागा यासाठीच आहेत. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारणं हाही उपचाराचाच भाग आहे, ती भीक नाही.

मॉर्फिनची भीती

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मुख्य औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनेवरच्या औषधांच्या पायऱ्या सांगितल्या, त्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साध्या गोळ्या, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, घड्याळ लावून दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर घ्यायच्या नसतात, दुखू नये म्हणून घ्यायच्या असतात. सोबत पोट साफ राहण्याचं औषध ठेवावंच लागतं, कारण बद्धकोष्ठ हमखास होतो. पहिले काही दिवस गुंगी येते, मग बहुधा ओसरते. आपल्या मनाने अचानक बंद करायच्या नसतात.

आणि तरी घरोघरी या गोळ्या कपाटात पडून राहतात. का? एक, 'चटक लागेल' ही भीती. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळ आहे. दोन, 'मॉर्फिन दिलं की माणूस जातो' हा समज. माणूस आजाराने जातो, योग्य मात्रेतल्या गोळीने नाही. तीन, आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न, की हे तर अफूपासून बनतं, मग हराम नाही का? याचं उत्तर आपल्या परंपरेतच आहे. ज़रूरत, म्हणजे निकडीची गरज, या तत्त्वाखाली वेदनेवरच्या अशा औषधाला उलेमा सर्वसाधारणपणे मुभा देतात. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. जो दीन आजाऱ्याला एवढी सवलत देतो, तो त्याने रात्रभर तळमळावं असं म्हणेल का? तरी मनात शंका असेल तर इमामसाहेबांना विचारा, पण विचारताना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारा.

कायद्याचीही एक अडचण होती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं, की कित्येक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. विरोधाभास बघा, औषधासाठी लागणारी अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, आणि आपलाच रुग्ण कण्हत राहतो. २०१४ साली संसदेने कायदा सुधारला. आता दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरते. म्हणजे आज कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती बेफिकिरी, आणि मागणी न करणारे आपण.

सांगायचं की लपवायचं

'त्यांना सांगू नका, खचतील.' हे वाक्य फार प्रेमातून येतं. पण त्याचा परिणाम बघा. आजारी माणसाला आपलं शरीर कळत असतं. सगळे गप्प, म्हणून तोही गप्प. भीती मात्र दोन्हीकडे. ज्याला आपला आजार माहीत नाही, तो वसीयत कशी करणार? कोणाचं कर्ज फेडायचं राहिलंय, कोणाची माफी मागायची आहे, कोणाला भेटायचं आहे, उमऱ्याला जायचं आहे का, हे तो कधी बोलणार? आपण त्याच्याकडून दुःख लपवत नसतो, त्याचा उरलेला वेळ लपवत असतो.

एकदम सगळं सांगावं, असं मी म्हणत नाही. 'तुम्हाला किती माहिती हवी आहे?' असं आधी त्यांनाच विचारावं. उपशामक सेवेच्या लोकांना हे बोलणं शिकवलेलं असतं, त्यांची मदत घ्या.

आणि बायकांबद्दल वेगळं सांगते. रुग्ण बाई असली की डॉक्टर मुलाशी बोलतात, दिराशी बोलतात, आणि ती बाकावर बसून असते. फाइल पुरुषांच्या हातात, दुखणं तिच्या अंगात. छातीतली गाठ बायका महिनोन्‌महिने लाजेपोटी दाखवत नाहीत, मग उशीर होतो. तपासणीच्या खोलीत तिच्यासोबत मुलगी किंवा सून असेल, एवढं तरी बघा. ज्या सुनेच्या अंगावर रात्रीची सेवा असते, तिला झोप मिळते का, हेही कोणीतरी विचारा. सेवा करणारी थकली की सेवाही थांबते.

परळ ते अष्टमी

दवाखाना कितीही चांगला असो, रात्री दोन वाजता दुखणं उठतं ते अष्टमीत. तेव्हा परळचा विभाग उपयोगाचा नाही, जवळची माणसं उपयोगाची. इथे मला केरळ आठवतं. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचं केंद्र सुरू केलं. पुढे शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात, जो मुस्लिमबहुल आहे, गल्लीगल्लीतल्या लोकांनी हे काम उचललं. थोड्या तासांचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक, लहान लहान देणग्या, कॉलेजची मुलं, घरी जाणारी नर्स. स्वयंसेवक कोणत्या धर्माचा आणि रुग्ण कोणत्या, असं कोणी बघितलं नाही. २००८ साली केरळ सरकारने यासाठी धोरण केलं आणि पंचायती घरपोच सेवा देऊ लागल्या. तिथे झालं ते कोकणात का होऊ नये? इयादत, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, ही आपल्याकडे जबाबदारी मानली जाते. पण इयादत म्हणजे दहा जणांनी पलंगाभोवती बसून 'अमक्याचंही असंच झालं होतं' सांगणं नव्हे. इयादत म्हणजे ड्रेसिंगला हात लावणं.

आखातातल्या भावांनाही सांगा. दुरून फोनवर 'पैशाची काळजी करू नका, सगळं करा' म्हणणं सोपं असतं. आयसीयूचं बिल भरण्याआधी, अम्मीला स्वतःला काय हवंय, हे एकदा तिलाच विचारा.

मग काय करायचं?

एक. घरात किंवा शेजारी कॅन्सरची फाइल उघडली, की पहिल्याच महिन्यात विचारा, 'आमच्या पेशंटला उपशामक ओपीडीला कधी दाखवू?' उपचार थांबण्याची वाट बघू नका. आणि घरी परतताना इथल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी मागा: चालू औषधं, रात्री त्रास झाला तर काय द्यायचं, कोणाला फोन करायचा.

दोन. मोहल्ल्यात साहित्याची पेढी उभी करा. हवेची गादी, व्हीलचेअर, कफ ओढायचं मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. या वस्तू एका घरात चार महिने लागतात आणि मग माळ्यावर जातात. जमातीने, मंडळाने, कोणीही एक कपाट द्यावं, एक वही ठेवावी. कुंडलिकेच्या या काठाचा असो की पलीकडच्या रोह्याचा, वस्तू मागेल त्याला मिळावी.

तीन. नागरिक म्हणून विचारा. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांमधून द्यायच्या सेवांच्या यादीतही ती आहे. मग रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात ती कोणत्या दिवशी मिळते? मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? घरी येणारी नर्स आहे का? लेखी अर्ज द्या, उत्तर लेखी मागा. मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. भांडायला जाऊ नका, विचारायला जा. बरेचदा तिथल्या डॉक्टरांनाही कोणीतरी विचारायला हवं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की जगात ज्यांना या सेवेची गरज असते, त्यांच्यापैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. उरलेले लोक रात्र काढतात. त्यातले काही आपल्या गल्लीत आहेत. त्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत, पत्तेही ठाऊक आहेत.

कॅन्सर बरा होईल की नाही, हे प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं. पण आज रात्री त्या माणसाला झोप लागेल की नाही, हे बऱ्याच वेळा असतं. तेवढं तरी आपण हातात घेऊ या.